कबुतरांमुळे फुफ्फुसाचा आजार निघालाय आणि घरात सासूबाई रोज दाणे घालतात, काय करू?

मोगरा_ठाणे

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ठाणे पश्चिमेला राहते, वय 51, ऐरोलीला शाळेत शिकवते. वर्षभर कोरडा खोकला, म्हणजे एकदा सुरू झाला की बोलणंच बंद, पहिल्या बाकावरची पोरं आपणहून पाण्याची बाटली पुढे करायची. आधी ॲलर्जीची औषधं झाली, मग दमा म्हणून पंप, मग कोणीतरी टीबीची शंका काढली म्हणून तेही तपासून झालं, निगेटिव्ह. तोवर ठाणे स्टेशनचा जिना चढून नऊ-दहा नंबरवर पोचले की मला आलेली गाडी सोडून द्यावी लागायची, कारण डब्यात शिरण्याएवढाही दम उरायचा नाही. शेवटी एका छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाठीला स्टेथो लावला, बराच वेळ ऐकलं आणि एकदम विचारलं, "घरी कबुतरं येतात का हो?" मला वाटलं सहज गप्पा मारतायत.

मग एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक सीटी, पीएफटी म्हणजे फुंकायची टेस्ट, रक्त, सगळं झालं. क्रॉनिक हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, त्यात फायब्रॉसिस, म्हणजे फुफ्फुसाला जाळी, पण आहे. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकलेली हवा, नॉर्मलच्या 62 टक्के. डॉक्टर म्हणाले जेवढी जाळी पडलीय ती परत जाणार नाही, पण पुढे वाढू नये म्हणून खूप काही करता येतं. स्टेरॉइड सुरू केलंय आणि पहिली अट, घरातून कबुतरं बंद.

आता खरा घोळ इथेच आहे. सासूबाई 79 वर्षांच्या. सासरे गेल्यापासून रोज सकाळी किचनच्या बाजूच्या गॅलरीत ज्वारी आणि वाटीभर पाणी ठेवतात, त्यांच्या नावाने. कबुतरं वाट बघत ग्रिलवर बसलेली असतात. लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईने मला मुलीसारखं सांभाळलंय, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. रिपोर्टचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे का गं?" आणि मी चक्क नाही म्हणाले. आता हे म्हणतात आईला आत्ता काही बोलू नको, हळूहळू बघू. हळूहळू म्हणजे कधी? रोज सकाळी त्या फडफडीच्या आवाजाने मला जाग येते आणि मी पांघरूण नाकावर ओढून पडून राहते.

रात्री गूगल करते. माणूस तीन ते पाच वर्षंच जगतो असं काय काय लिहिलंय. मुलगा बारावीला आहे. शाळेत सांगू का नको, भजनी मंडळ सोडू का, काही सुचत नाही. कोणाला हा आजार असेल, घरात असेल, तर प्लीज सांगा, कसं घेतलंत तुम्ही हे?

नेरूळचा_काका

ताई, आधी गूगल बंद करा. ते तीन ते पाच वर्षं जे वाचलंत ते आयपीएफ नावाच्या दुसऱ्या आजाराचं आहे, आणि तेही नवीन औषधं यायच्या आधीचे आकडे आहेत. फुफ्फुसाला जाळी पडणारे आजार पुष्कळ आहेत, सगळ्यांना मिळून आयएलडी म्हणतात, त्यामुळे सर्च केलं की सगळं एकाच ताटात वाढलेलं येतं. आपल्याला एचपी, म्हणजे तुमचा तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आहे. आपल्याला म्हणतोय कारण मलाही तेच आहे, कोव्हिडच्या आधीपासून. रोज सकाळी गार्डनला दोन फेऱ्या मारतो, चढ आला की थांबतो, परत चालतो. आपल्या आजाराचं बरंवाईट बरंचसं यावर ठरतं की ज्याच्यामुळे झालं ते सापडलं का आणि ते बंद केलं का. पुष्कळ लोकांना कारणच सापडत नाही. तुम्हाला पत्त्यासकट सापडलंय.

म्हणून म्हणतो हळूहळू वगैरे काही नाही. गोळी दोन नंबरवर, कबुतर एक नंबरवर. दाणे बंद केले म्हणजे संपलं असंही नाही बरं का. वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची ती बारीक पांढरी पावडर घरात महिनोन्महिने राहते, पडद्यात, गादीत, एसीच्या फिल्टरमध्ये. आमच्याकडे काय केलं सांगतो. मला मुलीकडे खारघरला पाठवलं आणि मागे सफाई केली. सुकं झाडायचं नाही, अजिबात नाही, आधी साबणाचं पाणी मारून सगळं भिजवायचं, मग खरवडून पिशवीत भरायचं, करणाऱ्या माणसाने एन 95 लावायचा. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे हात घातला तर काड्यांचा, पिसांचा आणि विष्ठेचा वीतभर उंच थर निघाला, त्यात वायरचे तुकडे, खराट्याच्या काड्या, एक हेअरपिन. वर्षानुवर्षं त्याच्यापासून हातभर अंतरावर माझी उशी होती! गॅलरीत वाळत घालायच्या गोधड्या धुवून घेतल्या, जुनी गादी टाकून दिली. हो, घरात पिसांची उशी किंवा रजई असेल तर तीही काढा, हे फार कोणी सांगत नाही.

कसं घेतलं विचाराल तर वाईट घेतलं. मी आयुष्यात सुपारीही खाल्ली नाही, आणि माझा एक मित्र कॉलेजपासून सिगारेट ओढतोय तो अजून सिंहगड चढतो. त्याचा फोन उचलायचो नाही. बायको म्हणायची त्याने काय केलंय, बरोबरच होतं तिचं, पण राग कुठेतरी निघणारच. काही महिने असे जातात, जाऊ द्या. स्वतःला लगेच पॉझिटिव्ह वगैरे करायला जाऊ नका, त्याने अजून थकायला होतं.

स्टेरॉइड सकाळी नाश्ता करून घ्या, साखर तपासत राहा, हाडांसाठी कॅल्शियम आणि डी चालू आहे का विचारा. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची पण, कधी घ्यायची ते डॉक्टर सांगतील.

गॅलरीतला_कावळा

माफ करा पण हे कबुतरांचं जरा अतीच चाललंय. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक दाणे घालतात, कोणाला काही झालेलं नाही. घोडबंदर रोडला या आणि मेट्रोच्या कामाची धूळ बघा, त्याने होत नाही का? 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, कोर्टकचेरी झाली, तेव्हापासून ज्याला खोकला आला तो कबुतराला शिव्या घालतो. मुकं पाखरू आहे, उत्तर देत नाही.

आणि ताई, स्टेरॉइड फार वाईट, शरीर आतून पोखरतं. माझ्या ओळखीत एकाने सगळं बंद करून अडुळसा, ज्येष्ठमध, हळद असा काढा घेतला, तीन महिन्यांत फरक. बघा विचार करून.

पल्लवी_कोपरखैरणे

कावळेदादा, धुळीबद्दल तुमचं बरोबर आहे, ज्याचं फुफ्फुस आधीच आजारी आहे त्याला ती धूळ नडतेच. पण हा आजार धुळीने छाती भरण्याचा नाही. कबुतराच्या विष्ठेतलं, पिसांतलं प्रथिन श्वासातून आत जातं आणि काही जणांचं शरीर त्याच्यावर उलटतं, दरवेळी सूज, सूज उतरली की व्रण, आणि असं वर्षानुवर्षं. सगळ्यांना होत नाही, बरोबर, शेंगदाण्याची ॲलर्जी पण सगळ्यांना नसते म्हणून ती खोटी ठरत नाही. आपल्या देशातल्या आयएलडीच्या पेशंटची एक मोठी नोंद 2017 मध्ये छापून आली, 19 शहरं, 27 केंद्रं, 1084 पेशंट, त्यात जवळपास निम्म्यांना, 47 टक्क्यांना, हाच एचपी निघाला. कारणांत पक्षी होते आणि ओलसर एअर कूलरही होते. त्यामुळे हे दादरच्या भांडणानंतर निघालेलं फॅड नाही.

आणि कृपा करून कोणाला स्टेरॉइड एकदम बंद करायला सांगू नका. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड झटक्यात सोडलं तर माणूस कोसळू शकतो, ते हळूहळूच उतरवतात, डॉक्टर सांगतील तसं. काढा प्यायचा तर प्या, पण डॉक्टरांना दाखवून. पुढे सूज दाबणारं मायकोफेनोलेट किंवा जाळीची वाढ मंदावणारं निंटेडॅनिब सुरू झालं तर लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, त्यात अजून पाच मुळ्या नकोत.

मोगराताई, माझ्या बाबांना आयपीएफ आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा अवघड प्रकार, म्हणून आमच्या गोष्टीवरून स्वतःचा अंदाज बांधू नका, फक्त घरातलं सांगते. बाबा दोन वर्षांपासून निंटेडॅनिबवर आहेत. जुलाब होतात, रिकाम्या पोटी घेतली तर जास्त, म्हणून जेवता जेवता गोळी. आता जेनेरिक मिळतं म्हणून परवडतं तरी. ऑक्सिजन लावायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी घरात संप केला. म्हणाले नळी लावली की लोक बघायला येतील. खरंच आले हो, एक आत्या नारळ घेऊन आली!

आम्ही पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, आणला, हॉलमध्ये ठेवला आणि लांब नळी घेतली, किचनपर्यंत पोचेल अशी, कारण बाबांना स्वतःचा चहा स्वतःच्या हाताने लागतो. पण ऑक्सिजन नाकाला असताना गॅसजवळ जायचं नाही हे कळल्यावर तेही गेलं. देवघरात निरांजन आणि उदबत्तीचं पण तसंच. आईला ते फार लागलं, तिने मग देवाला बॅटरीवरची पणती आणली, त्यावर अजून घरात दोन तट आहेत. लाईट जाते तेव्हासाठी छोटा सिलिंडर भरून ठेवतो, इन्व्हर्टर असेल तर मशीनचा लोड आधी इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. हे सगळं तुम्हाला आत्ता लागणार नाही, कदाचित लागणारही नाही, पण मनात जे भूत आहे ना ऑक्सिजनचं ते असं असतं, नळीला अडखळणं आणि लाईट बिल. बाबा नळी लावून खाली कॅरम खेळतात. हरले की नळीचं कारण देतात.

छातीवाली_फिजिओ

ठाण्यातच आहे, रोज असे पेशंट बघते, म्हणून थोडं माझ्या कामाचं लिहिते.

घरी ऑक्सिमीटर असेल तर नुसतं सोफ्यावर बसून 97 आलं म्हणून खूश होऊ नका, तुमच्या आजारात आकडा चालताना पडतो. घरातल्या घरात पाचसहा मिनिटं चाला आणि मग लावा. नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, एसीत बोटं गार पडली तरी. चालताना 88 च्या खाली जात असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. सहा मिनिटांची चालायची टेस्ट झाली नसेल तर विचारा.

पल्मनरी रिहॅब नावाचा प्रकार असतो, व्यायाम आणि श्वासाचं ट्रेनिंग. याने जाळी जात नाही हे आधीच सांगते, पण पायाचे स्नायू ताकदीचे झाले की तेच काम कमी हवेत होतं, धाप कमी लागते. बहुतेक पेशंट धाप लागते म्हणून हलणं बंद करतात, मग स्नायू जातात, मग अजून धाप. जिना चढताना पायरीवर पाय टाकताना ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायचा, घ्यायचा नाही, सोडायचा. दोन पायऱ्या, थांबा. मागचे लोक थांबतील, नाहीतर बाजूने जातील. स्टेशनवर सरकता जिना किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते बघून ठेवा, पाच मिनिटं आधी निघा. दिव्यांगांच्या डब्यात बसता येईल का असं हमखास विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत फुफ्फुसाचा आजार नाहीये, त्यामुळे नुसत्या या रिपोर्टवर ते सर्टिफिकेट मिळत नाही. चुकीचंच आहे, पण आहे हे असं आहे.

भजन सोडू नका! गाताना श्वास लांबवून सोडावा लागतो, तो तुमच्यासाठी चांगलाच. पट्टी खाली घ्या, बसून गा, ओळ मध्ये तोडावी लागली तर तोडा, कोरसमध्ये कोणाला कळतही नाही. फक्त मंडळ जिथे बसतं तिथे धूप, कापूर असेल तर दाराजवळ बसा. अनुलोम-विलोम सावकाश चालेल. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, व्हॉट्सॲपवर कोणीही काहीही पाठवो.

सरळ_साधी_वहिनी

सगळे आजाराबद्दल बोलतायत, सासूबाईंचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी मध्ये पडते.

तुम्ही त्यांना "नाही" म्हणालात ना, तिथून घोळ वाढतोय. त्यांना कळलेलं आहे. त्या वयाच्या बायका मूर्ख नसतात, तुमचा खोकला भिंतीपलीकडून वर्षभर ऐकतायत. तुम्ही लपवताय म्हणजे दोष एवढा मोठा आहे की बोलताही येत नाही, असा त्यांच्या मनात हिशेब होणार. पुढच्या तारखेला त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, तुम्ही काही बोलू नका, डॉक्टरांना बोलू द्या. आमच्याकडे आईचं असंच होतं, माझं ऐकलं नसतं, ह्यांचं तर नाहीच, पण पांढरा कोट घातलेल्या माणसाने सांगितलं की ती विषय वाढवत नाही. डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की दोष देण्याच्या सुरात नको. आणि त्यांची पण छाती तपासून घ्या की, त्या तर तुमच्यापेक्षा जवळ उभ्या राहतात.

दुसरं म्हणजे नुसतं बंद करा म्हणू नका. ते दाणे नाहीत, सासऱ्यांसाठी काहीतरी करतोय ही त्यांची सकाळ आहे. तिथे दुसरं काहीतरी ठेवा. आमच्या आईने वॉचमनच्या मुलीला रोज सकाळी दूध द्यायला सुरुवात केली, बाबांच्या नावाने. आता ती पोरगी अभ्यासालाही वर येते आणि आई तिला पाढे म्हणून दाखव म्हणून पिडते.

शाळेत सांगा. हेडबाईंना तरी नक्की. वरच्या मजल्यावरचे वर्ग आणि खडू, दोन्ही टाळायचं तर सांगावंच लागेल. स्टाफरूममध्ये सगळ्यांना हिस्ट्री द्यायची गरज नाही.

नेरूळचा_काका

वहिनी एकदम बरोबर. लोकांना काय सांगायचं त्यावर माझी युक्ती, कोणी विचारलं "दमा का?" तर मी हो म्हणतो. फायब्रॉसिस म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग मलाच त्याची समजूत काढत बसावं लागतं.

मोगरा_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार, एकेकाला उत्तर द्यायचं होतं पण सगळं एकदम लिहिते.

सासूबाईंना घेऊन गेलो. डॉक्टरांनी सीटीचा फोटो स्क्रीनवर लावून त्यांना शांतपणे समजावलं, म्हणाले आजी हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, हिच्या शरीराला ते मानवत नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग मला कसं काही नाही झालं?" डॉक्टर म्हणाले ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. त्यांची पण तपासणी झाली, छाती स्वच्छ आहे. रिक्षात काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर ज्वारीचा डबा उचलला आणि सरळ कामवाल्या मावशींना देऊन टाकला, भाकऱ्या कर म्हणाल्या. दोन दिवस जेवल्या नीट नाहीत. मी पण रडले, त्या पण रडल्या, ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. वहिनी, तुमचं दुधाचं त्यांना सांगितलं, लगेच हो नाही म्हणाल्या, पण सोमवारी कौपिनेश्वरला गेल्या होत्या तिथून येताना वॉचमनला मुलं किती, कितवीत, असं सगळं विचारून आल्या.

हेडबाईंना सांगितलं. तळमजल्यावरचा वर्ग देतायत जूनपासून. मी अजून रात्री जागी होते, गूगल मात्र नाही उघडत, म्हणजे कमी उघडते. घेतलंय का हे मी? माहीत नाही. राग येतो तेव्हा आता काकांचा सिंहगडवाला मित्र आठवतो आणि थोडं हसू येतं.

आता नवीन कटकट. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई दाणे टाकतात, ते खाली आमच्या ग्रिलवर पडतात. मी सोसायटीला पत्र लिहायचं म्हणत होते तर सासूबाई स्वतःच वर गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण वरच्या बाई खाली येऊन मला म्हणाल्या, तुमच्या सासूबाई फार तोंडाळ आहेत हो. गेली कित्येक वर्षं स्वतः मूठ मूठ ज्वारी टाकणारी बाई!

कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीला जाळी लावतोय, जाळीवाला शनिवारी येतोय. सेक्रेटरी म्हणतात बाहेरून लावली तर बिल्डिंगचा लूक जातो, आतून लावा. चालेल का आतून?

नेरूळचा_काका

आतून अजिबात नको, ग्रिल आणि जाळीच्या मध्ये बसतील आणि तिथेच घाण करतील. बाहेरून लावा, नायलॉनची पारदर्शक येते, खालून दिसतही नाही, सेक्रेटरीला दाखवा. एसीमागचं घरटं जाळी लावायच्या आधी काढून घ्या, अंडी किंवा पिल्लं असतील तर जाळीवाल्याला आधी सांगा, पक्षीमित्र संस्थेला विचारून करतो तो, नाहीतर आत कोंडून मरतात आणि वास सुटतो. कडेला स्क्रू आणि वॉशर मारून घ्या, नुसत्या हुकने एका पावसाळ्यात सुटते.

आणि शनिवारी तुम्ही घरी थांबायचं नाही. सासूबाईंना घेऊन कुठेतरी जा, रविवारी संध्याकाळपर्यंत परत येऊ नका. ओली पुसणी दोनदा झाल्याशिवाय तर नाहीच.